उमेदवारीचा वारसा

नंदगडचे नाव उच्चारताच संगोळ्ळी रायण्णाचे स्मरण होते. १८३१ मध्ये याच परिसरात त्याला फाशी देण्यात आली आणि त्याच्या समाधीमुळे हे गाव इतिहासात नोंदले गेले. लढवय्यांचा इतिहास आपण निष्ठेने जपला, हे योग्यच झाले. परंतु हातातील कौशल्याच्या बळावर संसार उभे करणाऱ्या कारागिरांची आणि त्यांना घडविणाऱ्यांची नोंद आपल्या जुन्या घराण्यांच्या कागदपत्रांत क्वचितच आढळते. वतन, शेती, व्यापार आणि पुढे सरकारी नोकरी यांनाच आपण प्रतिष्ठा दिली. मुलांच्या चरितार्थाची चिंता आज घरोघरी व्यक्त होत असताना, याच जिल्ह्यातील एका वेगळ्या परंपरेचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकण्यासाठी गेले, परंतु दृष्टीतील रंगदोषामुळे तो मार्ग खुंटला. तेव्हा त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाची विद्या आत्मसात केली आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले. पुढे बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला बंधू रामुअण्णांबरोबर सायकलींच्या व्यवसायात लक्ष घातले. तो व्यवसाय १८८८ मध्येच सुरू झाला होता. सायकल विकायची तर ती चालवायलाही शिकवावे लागे. विक्री आणि शिक्षण यांची सांगड अशी प्रथमपासूनच होती.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार करताना त्यांना मार्गदर्शक कोणीच नव्हता. अमेरिकन मासिके व यंत्रांची सूचिपत्रके वाचून, चुकतमाकत ते ओतकाम शिकले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगराला गिऱ्हाईक मिळण्यातही बराच काळ गेला. गुरूवाचून शिकण्याची किंमत किती असते, हे त्यांना अनुभवाने कळले होते. आपल्या हाताखालील माणसांना मात्र त्यांनी ती किंमत मोजू दिली नाही.

१९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीन दिली. तेथे निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी वसली. या उभारणीतील सहकाऱ्यांकडे पाहिले म्हणजे आमच्या म्हणण्याचा अर्थ स्पष्ट होईल. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक अभियंता झाले. शंभूराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू सांभाळली, तर मंगेशराव रेगे यांनी हिशेबाची. पूर्वी दरोडेखोरीच्या वाटेला गेलेल्यांवरही राखणीची जबाबदारी सोपविण्यात आली. प्रमाणपत्र पाहण्याआधी माणसाचा कल पाहावा, त्याच्यावर काम सोपवावे आणि तो चुकला तर शेजारी उभे राहावे, हीच तेथील शिक्षणपद्धती होती. बेळगावने १९१० मध्ये एका कारखान्याबरोबरच माणसे घडविणारी एक शाळाही गमावली, असे आम्हांस वाटते.

मात्र उमेदवारीच्या जुन्या पद्धतीचे निव्वळ गुणगान करणे न्यायाचे होणार नाही. विद्या जातीच्या कुंपणात अडकून राहत असे. वस्तादाच्या मर्जीवर पोराचे भवितव्य अवलंबून असे, आणि कित्येकांची उमेदीची वर्षे चहा आणण्यात व दुकान झाडण्यातच सरत. औपचारिक प्रशिक्षणाने हे कुंपण बऱ्याच अंशी मोडले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने प्रशिक्षणाला मुदत आणि विद्यावेतन यांची चौकट दिली. आपल्या खानापुरातील खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकला प्रशिक्षण संस्था हे याचे जवळचे उदाहरण होय. मलप्रभेच्या काठच्या या गावात मातीची निवड, चाकावरील काम, भट्टीचा ताव या गोष्टी रीतसर शिकविण्याची सोय झाली. जे ज्ञान बापाकडून मुलाकडेच जात असे, ते कुंभाराच्या घरी न जन्मलेल्यालाही खुले झाले.

तरीही भट्टीचा ताव पुस्तकातून पुरता कळत नाही. तो जाणत्याच्या शेजारी बसून, ज्वाळेचा रंग पाहूनच उमगतो. संस्था दार उघडते, पण उंबरठा ओलांडताना कोणाचा तरी हात धरावा लागतो. बेळगावच्या उद्यमबागेत ओतशाळा आहेत आणि तेथेच १९७९ पासून अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. त्या परिसरात पाऊल ठेवणाऱ्या नंदगडच्या मुलाला जागेइतकीच गरज असते ती तेथे त्याला ओळखणाऱ्या एका वडीलधाऱ्या माणसाची.

ही गरज सरकारी योजनांनी पूर्ण भागणार नाही, ती आपल्या घराण्यांनीच भागवावयाची आहे. आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद पुण्यात, गोव्यात, बेळगावात कारखान्यांतून व दुकानांतून स्थिरावले आहेत. प्रत्येकाने गावाकडचा एक मुलगा वा एक मुलगी, नातेगोते न पाहता, वर्षभर आपल्या हाताखाली घ्यावी. काम समजावून सांगावे, मोबदला द्यावा आणि पुढची वाट दाखवून निरोप द्यावा. पूर्वजांच्या सनदा आपण पेटीत जपल्या आहेत. हातची विद्या मात्र पेटीत टिकत नाही, ती दुसऱ्याच्या हाती सोपवूनच जपावी लागते.