आपल्या गेटजवळचा गुलमोहर

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा सेक्रेटरींनी आग्रह धरला. मी म्हटलं, कमिट्यांची नावं आणि हिशेब इतर सभासद देतीलच. मी गेटजवळच्या गुलमोहराचा इतिहास लिहितो. तोही आपल्याइतकाच जुना सभासद आहे. फक्त त्याच्या नावावर शेअर सर्टिफिकेट नाही!

गुलमोहर मूळचा इथला नाही, हे सांगितलं तर माझ्या नातवंडांना खरं वाटत नाही. त्याचं माहेर म्हणजे आफ्रिकेच्या पूर्वेचं मादागास्कर बेट. तिथल्या पश्चिम आणि उत्तर भागातल्या कोरड्या, पानगळीच्या रानांत तो आपोआप वाढतो. मॉरिशसमध्ये स्थायिक झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ वेन्सेस्लास बोयर यांनी १८२० च्या दशकात मादागास्करला तो पाहिला. १८२९ साली इंग्लंडच्या ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’मध्ये ‘पॉइन्सियाना रेजिया’ या नावाने त्याचं वर्णन छापून आलं. द प्वान्सी हे सतराव्या शतकातले कॅरिबियन बेटांवरचे फ्रेंच गव्हर्नर, त्यांच्यावरून पॉइन्सियाना. रेजिया म्हणजे राजेशाही. पुढे शास्त्रज्ञांनी नाव बदलून ‘डेलोनिक्स’ केलं, पण राजेशाही काही काढून घेतली नाही.

तिथून बागबगीच्यांच्या वाटेने हे झाड उष्ण प्रदेशात सगळीकडे गेलं. आपल्याकडे ते १८४० च्या सुमारास प्रथम मुंबईत, शिवडीला लावलं गेलं, असं सांगितलं जातं. फारसीत गुल म्हणजे फूल. जुनी माणसं ‘गुलमोर’ही म्हणत. बंगालीत तो कृष्णचूडा झाला. पश्चिमेकडच्या सेंट किट्स आणि नेव्हिस या देशाने तर त्याला राष्ट्रीय फूल केलं. आणि आपल्या साताऱ्यात १ मे रोजी ‘गुलमोहर दिन’ साजरा होतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत पाहुणा असा घरचा झाला.

आता आपल्या घरची गोष्ट. ताबा मिळाला त्या पहिल्या पावसाळ्यात आम्ही काही सभासदांनी कंपाउंडच्या कडेने तीन रोपं लावली. गुडघ्याएवढी होती. गुलमोहराचं बी फार टणक असतं. कोमट पाण्यात रात्रभर भिजवावं लागतं किंवा टोक किंचित घासावं लागतं, तेव्हा कुठे रुजतं. आम्ही मात्र नर्सरीतून तयार रोपं आणली. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात बादलीने पाणी घातलं. सहाव्या वर्षी मे महिन्यात पहिला मोहर आला, तेव्हा वॉचमनने घरोघर जाऊन सांगितलं होतं. मुलं आंबट पाकळ्या खायची आणि वाळलेल्या शेंगांच्या तलवारी करून लढायची. ती मुलं आज नोकरीला लागली आहेत.

मग एका वर्षी ड्रेनेजची नवी लाईन टाकली आणि पाठोपाठ पूर्ण कंपाउंडला पेव्हर ब्लॉक बसवले. खोडाच्या अगदी बुंध्यापर्यंत. दिसायला छान, चिखल नाही. त्या बिलावर खजिनदार म्हणून माझी सही आहे. तीन वर्षांनी जुलैतल्या एका रात्री मधलं झाड कोसळलं. चार स्कूटरी चेपल्या. माणूस कुणी नव्हतं, ही देवाची कृपा. सकाळी मी खड्ड्यापाशी उभा राहिलो. एका बाजूची मुळं चराच्या रेषेत सरळ कापली गेलेली होती. दुसरं झाड पुढच्या दोन वर्षांत उभ्या उभ्या वाळलं.

सगळ्यांनी दोष झाडाला दिला. गुलमोहराची मुळं वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असतं, हे खरंच आहे. म्हणूनच तो भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी लावायचा असतो. पण वरवर पसरणाऱ्या मुळांवरच आपण चर खणला आणि झाकण बसवलं. खाली हवा नाही, पाणी नाही. खातेदाराची ठेव काढून घ्यायची आणि मग त्याचीच पत नाही म्हणायचं, असा हा प्रकार झाला.

तिसरं झाड का वाचलं, ठाऊक आहे? गेटजवळच्या कोपऱ्यात ब्लॉक कमी पडले म्हणून! तेवढी माती उघडी राहिली.

गेल्या वार्षिक सभेत हेही तोडावं, असा ठराव आला. ज्यांची स्कूटर चेपली होती त्यांची भीती मला समजते. त्यांना हसणं बरोबर नाही. पण १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि तोडण्याआधी करण्यासारखं बरंच आहे. जाणकाराकडून झाड तपासून घ्यावं. वाळक्या आणि एका बाजूला झुकलेल्या फांद्या रीतसर परवानगी काढून पावसाळ्यापूर्वी उतरवाव्यात. सरसकट शेंडा छाटू नये, त्याने नव्या फांद्या कमकुवत येतात. बुंध्याभोवतीची माती वाढवावी. दिवाळीच्या माळांसाठी खोडात खिळे ठोकू नयेत. फांद्यांखाली पावसाळ्यात गाड्या लावू नयेत.

कोपऱ्यातले आणखी दोन रांगा ब्लॉक काढायचा खर्च मी माझ्याकडून देतो, असं कमिटीला लेखी कळवलं आहे. त्या जुन्या सहीची तेवढी तरी भरपाई होईल. आणि सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत या झाडाबद्दल लिहायला आपल्यातलाच कुणीतरी असेल. मी बहुधा नसेन.