माजी सैनिकांनो, वकिलाच्या फीला घाबरून गप्प बसू नका. मोफत वकील कुठे आणि कसा मिळतो?

मुंबई उपनगर : गावाकडून भरती झाले, फौजेत नोकरी केली आणि पेन्शन घेऊन मुंबईत मुलाकडे राहायला आले किंवा सिक्युरिटीत लागले, असे माजी सैनिक अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला आहेत. पेन्शन कमी लागली, अपंगत्व पेन्शन नाकारली, नाहीतर गावाकडं भावकीनं बांध कोरला, की वकिलाची फी ऐकूनच माणूस गप्प बसतो. पण सरकारी खर्चानं वकील मिळायची सोय कायद्यात आहे. ती वेळेत घेतली पाहिजे, कारण उशीर झाला की नुकसान आपलंच होतं.

मोफत वकील कोणाला?

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 मध्ये यादी आहे. त्यात 'माजी सैनिक' असा वेगळा शब्द नाही. त्यामुळं नुसतं डिस्चार्ज बुक दाखवून वकील मिळेल असं नाही. पण पुढच्यापैकी एकात बसलात तरी चालतं :

- महिला. वीरपत्नी, वीरमाता, सैनिकाची विधवा यांना उत्पन्नाची अट नाही.
- दिव्यांग व्यक्ती. यांनाही उत्पन्नाची अट नाही.
- अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती. उत्पन्नाची अट नाही.
- वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असलेली व्यक्ती (महाराष्ट्रातली मर्यादा).

3 लाख म्हणजे महिन्याला 25 हजार. पेन्शन त्याहून जास्त असेल तर उत्पन्नाच्या अटीत बसणार नाही. तरीही सल्ला विचारायला आणि लोकअदालतीत तडजोड करायला अडचण नाही.

आधी कुठं जायचं?

पहिलं ठिकाण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. 26 जुलै 2025 ला, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं (नालसा) 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांना राज्य व जिल्हा सैनिक मंडळातच कायद्याची मदत मिळावी, हा तिचा उद्देश.

दुसरं ठिकाण जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. जवळचं कार्यालय माहीत नसेल तर नालसाच्या 15100 या नंबरवर विचारा.

पेन्शनची केस

पगार, पेन्शन, अपंगत्व पेन्शन, बढती, नोकरीतून काढणं या केसेस सशस्त्र सेना न्यायाधिकरणात, म्हणजे एएफटीमध्ये चालतात. त्याचं एक खंडपीठ मुंबईतच आहे. सैनिक हयात नसेल तर वारसांनाही दाद मागता येते.

त्याआधी रेकॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार करावी लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला आहे. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा.

तक्रारीवर शेवटचा निर्णय आल्यापासून 6 महिन्यांत एएफटीत जायचं. तक्रार करून 6 महिने उत्तरच आलं नाही, तर त्यापुढच्या 6 महिन्यांत. उशिराचं सबळ कारण पटलं तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं. पण सुप्रीम कोर्टानं 2008 मध्ये तरसेम सिंग खटल्यात अपंगत्व पेन्शनची थकबाकी केस दाखल करण्याच्या मागच्या 3 वर्षांपुरतीच धरली. म्हणजे दहा वर्षं थांबलेल्याची सात वर्षांची रक्कम जाऊ शकते.

गावाकडची केस

जमीन, वाटणी, घरगुती वाद एएफटीत चालत नाहीत. जमीन जिथं, केस तिथं. त्या तालुक्याच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा. मुंबईहून जाणं जमत नसेल तर इथल्या प्राधिकरणात अर्ज देऊन तो पुढं पाठवायला सांगा.

सोबत कागद काय न्यायचे?

- डिस्चार्ज बुक, पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र
- मेडिकल बोर्डाचे कागद (अपंगत्व पेन्शनसाठी)
- आलेली नोटीस किंवा नकाराचं पत्र, पाकिटासकट. पाकिटावर तारीख असते
- आधार कार्ड, बँक पासबुक
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. मुलुंड-घाटकोपरवाल्यांचा तालुका कुर्ला. दाखल्याला वेळ लागत असेल तर कलम 13 प्रमाणं उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्रही पुरेसं मानता येतं.

सगळ्याच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद कोणाच्याही हातात ठेवू नका.

मोफत म्हणजे मोफत

वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला हा खर्च प्राधिकरण करतं. नेमून दिलेल्या वकिलानं पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडं लेखी तक्रार करा. "थकबाकी काढून देतो, निम्मी मला द्या" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

गावात राहणाऱ्यांनी एवढं करावं : आपल्या गावचा फौजी मुंबईत असेल, नाहीतर गावात एकटी राहणारी सैनिकाची विधवा असेल, तर त्यांना 15100 हा नंबर लिहून द्या.