एका दिवसाचे फूल, शतकांचे रोप

१/ डेलिलीचे प्रत्येक फूल साधारणतः एकच दिवस टिकते. लिनिअसने १७५३ मध्ये नोंदवलेल्या ‘हेमेरोकॅलिस’ या तिच्या शास्त्रीय नावात ‘दिवस’ आणि ‘सौंदर्य’ हे दोन ग्रीक शब्द आहेत. रोप मात्र दीर्घायुषी असते.

२/ तिची मायभूमी पूर्व आशिया. चीनमध्ये काही जातींच्या कळ्या आजही खाल्ल्या जातात. सोळाव्या शतकात नारिंगी डेलिली युरोपात पोहोचली आणि पुढे स्थलांतरितांसोबत अमेरिकेत गेली.

३/ नवल असे, की युरोपात रुजलेल्या या नारिंगी वाणाला बी जवळजवळ धरतच नाही. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. तरीही तो दूरवर पसरला. बागवानांनी ठोंब फोडून तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटला.

४/ बी का धरत नाही, हा प्रश्न न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. स्टाउट यांनी अभ्यासाला घेतला. चीनमधून मिळवलेल्या रोपांशी संकर करून १९३४ मध्ये त्यांनी ‘थेरॉन’ हा गडद लाल वाण लोकांसमोर आणला.

५/ १९४६ मध्ये अमेरिकेत डेलिलीप्रेमींची संस्था स्थापन झाली. आज नोंदणीकृत वाणांची संख्या ८०,००० हून अधिक आहे. त्यांतील कितीतरी वाण हौशी मंडळींनी घरच्या परसात घडवले.

६/ संकरित वाणाच्या बीपासून हुबेहूब तोच वाण उगवत नाही. त्यामुळे शेवटचा ठोंब कुजला, की नोंदवहीत केवळ नाव उरते. जुने वाण आज जिवंत आहेत ते दर काही वर्षांनी ठोंब फोडून पुन्हा लावणाऱ्या हातांमुळे.