बोट सुटेपर्यंतची मुंबई

पुणेकराच्या वाट्याला नद्या दोन आल्या, टेकड्या हव्या तितक्या आल्या. समुद्र मात्र आला नाही. समुद्र पाहावयाचा किंवा ओलांडावयाचा, तर घाट उतरून मुंबई गाठावयाची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले. बरे, मुंबईस पोहोचला म्हणून आगबोट काही त्याच्यासाठी शिडी लावून उभी नसे. मध्ये अर्धा दिवस निघे, कधी एखादी रात्रही काढावी लागे. खिशात मोजके पैसे, पायाखाली अनोळखी रस्ता आणि समोर एवढे थोरले शहर! अशा सक्तीच्या रिकाम्या वेळात महाराष्ट्रातील साध्या माणसाने मुंबई पाहिली, आणि ती पायी पाहिली. या वाट पाहण्यालाही एक इतिहास आहे. दिवाळीच्या सुटीत पुष्कळ कुटुंबे क्रूझच्या सफरीचे बेत करतात, तेव्हा तो सांगावयास हे दिवस बरे.

प्रथम मुंबईला जाणेच केवढे दिव्य होते ते पाहा. बोरीबंदर ते ठाणे ही आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. पुढे ती खोपोलीपर्यंत आली, आणि 1858 साली घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे अशी दुसरी गाडी सुरू झाली. पण मध्ये बोरघाट आडवा. उताऱ्यांनी गाडीतून उतरावे, पालखी, तट्टू किंवा स्वतःचे पाय, जे परवडेल त्याने घाट उतरावा, आणि खाली दुसऱ्या गाडीत बसावे, असा तो प्रवास. हजारो मजुरांनी कातळ फोडला, बोगदे खोदले, कित्येक तेथेच कामी आले, तेव्हा 1863 च्या एप्रिलात बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला आणि पुण्यात बसलेला माणूस थेट मुंबईत उतरू लागला.

योगायोग असा की, त्याच 1863 साली गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. माडगावकर मूळचे गोव्याचे, पेशाने शिक्षक. आम्हां मास्तर मंडळींना त्यांचा अभिमान वाटतो तो एवढ्यासाठी की, त्यांनी लाटसाहेबांच्या बंगल्यापाशी लेखणी थांबविली नाही. बाजार, रस्ते, देवळे, तळी, निरनिराळ्या जातींचे आणि धंद्यांचे लोक, हे सारे त्यांनी मराठीत नोंदून ठेवले. गाडी आणि पुस्तक एकाच वर्षी हाती यावे, याहून चांगला मुहूर्त नवख्या प्रवाशाला कोणता मिळणार?

त्या वेळी मुंबईचे रूपही पालटत होते. किल्ल्याचा तट सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत पाडला जात होता. दरवाजे गेले, पण चर्चगेट हे नाव राहिले. खरे पाहता, मुंबईची पुष्कळशी हकीकत तिच्या नावांतच सापडते. बोरीबंदर, मशीदबंदर, कर्नाकबंदर, पालवाबंदर. जिथे तिथे बंदर! आज ज्या जागी आगगाड्यांची गर्दी दिसते, तिथे एके काळी गलबते लागत होती, हे ही नावे मुकाट्याने सांगतात. पायधुणी हे नावही तसेच. मधल्या खाडीचे पाणी तुडवून आलेला माणूस तेथे पाय धुई, म्हणून ती पायधुणी, असे जुनी माणसे सांगत. मोटारीच्या काचेतून हे कळत नाही. पायी चालणारा माणूस पाटी वाचतो, थांबतो, पानवाल्याला विचारतो, आणि मग त्याला कळते.

सारेच काही पायी करावे लागे असे नाही. 9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक फाटा कुलाब्याहून आणि दुसरा बोरीबंदराहून पायधुणीला जाई. आरंभी भाडे तीन आणे होते. 1907 च्या मे महिन्यात विजेची ट्राम आली, 1920 मध्ये दुमजली ट्राम आली, आणि मुंबई दाखविणारे एवढे स्वस्त वाहन दुसरे उरले नाही. वरच्या मजल्यावर खिडकीशी जागा मिळाली की कोकणात निघालेल्या मुलांना बोटीचीही आठवण राहत नसे. बोरीबंदराचे भव्य स्टेशन, क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा, भायखळ्याची राणीची बाग. बागेशेजारचे वस्तुसंग्रहालय 1872 मध्ये खुले झाले. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्याला शंभर वर्षांनंतर, 1975 साली लाभले. घारापुरीचा दगडी हत्तीही तेथे उभा आहे, म्हणजे लेण्यांपर्यंत जाण्यास सवड नसली तरी लेण्यांचा हत्ती पाहून होई. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदराहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा तिला निरोप देण्यासाठी रस्त्यांवर गर्दी लोटली होती. यंत्राला निरोप द्यावयास माणसे उगाच जमत नाहीत.

आता समुद्राच्या दारांकडे वळू. मुंबईला अशी तीन दारे होती, आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी.

पहिले दार पालवाबंदरावरचे, म्हणजे गेटवे ऑफ इंडिया. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 2 डिसेंबर 1911 रोजी तेथे उतरली. कमान मात्र तेव्हा उभी नव्हती! तिची कोनशिला 1913 साली बसली आणि उद्‌घाटन झाले 4 डिसेंबर 1924 रोजी. पाहुणे येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी तोरण लागले म्हणावयाचे. त्यानंतर चोवीस वर्षांच्या आत, 28 फेब्रुवारी 1948 रोजी, हिंदुस्थानातील शेवटची गोरी पलटण त्याच कमानीखालून बाहेर पडली. स्वागतासाठी बांधलेले दार निरोपाच्याच कामी आले.

दुसरे दार बॅलार्ड पियर. विलायतेच्या टपालबोटी तेथे लागत. गोदीच्या कडेला ‘बॅलार्ड पियर मोल’ नावाचे स्टेशनच बांधलेले होते. साहेबाने बोटीतून उतरावे, चार पावले टाकून आगगाडीत बसावे आणि दिल्ली-पेशावरकडे निघून जावे. शहराची धूळ बुटाला लागावयाची नाही, ही केवढी सोय! पण या सोयीची दुसरी बाजू अशी की, मुंबईत उतरूनही अशा कित्येकांनी मुंबई पाहिली नाही. आपल्याकडचे विलायतेस गेलेले लोकही मुंबईहूनच निघत. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले विठ्ठल रामजी शिंदे 1901 साली गेले, त्याच कॉलेजचे विनायक दामोदर सावरकर 1906 साली गेले, आणि खुद्द लोकमान्य टिळक 1918 साली गेले. लोकमान्यांचा मुंबईतील मुक्काम क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात असे. 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच.

तिसरे दार भाऊचा धक्का. ते कोणा राजासाठी बांधलेले नव्हते. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, लोकांच्या तोंडी ‘भाऊ’, हे कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात नोकरीस होते. उतारूंना चिखलातून, पाण्यातून होडी गाठावी लागे, हे पाहून त्यांनी 1841 च्या सुमारास धक्का बांधला. सरकारी दप्तरात त्याला फेरी व्हार्फ म्हणतात. लोकांनी ते नाव कधी जिभेवर घेतले नाही. रेवस, हर्णे, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले, सगळे कोकण येथून बोटीत चढे. डेकवर घोंगडी पसरली की जागा आपली झाली. ट्रंका, करंड्या, नव्या सुनेच्या बांगड्यांची पेटी, आणि ज्याला बोट लागते त्याच्यासाठी लिंबू. पुढे एखाद्या बंदरात बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात उतरत. लाट वर आली की तांडेल ओरडे आणि म्हातारीसुद्धा उडी टाकी.

या धक्क्याची आठवण हसतमुखाने मात्र पुरी होत नाही. 1927 च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी वादळात बुडाल्या. आणि 17 जुलै 1947! आषाढी अमावास्या तोंडावर आलेली, घरी जाणाऱ्या चाकरमान्यांनी ‘रामदास’ बोट भरलेली. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ती रेवसला निघाली. वाटेत वादळात सापडून कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघ्या एका महिन्यावर आले होते. तो दिवस त्यांना दिसला नाही. राजा जेथे उतरला तेथे पाषाणाची कमान आहे. ही माणसे जेथून निघाली त्या धक्क्यावर बोट सुटण्यापूर्वी दोन मिनिटे शांत उभे राहिले, तर एवढे स्मारक आपल्यालाही उभारता येते.

गोव्यापर्यंतच्या त्या आगबोटी रस्त्यांच्या आणि एस.टी.च्या काळात मागे पडत गेल्या आणि बंद झाल्या. 1998 मध्ये कोकण रेल्वे पुरी झाली. 2020 च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, तिच्या पोटात मोटारी चढतात. पूर्वी माणूस पायी बोटीत चढे. आता मोटारीत बसून चढतो. काळाचा महिमा!

पण बॅलार्ड पियरवरून क्रूझ सुटतात, आणि पुण्याची मंडळी दाराशी मोटार मागवून सरळ टर्मिनलवर जातात. म्हणजे त्या टपालबोटीच्या साहेबासारखेच झाले की! त्यापेक्षा एक दिवस आधी निघावे. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकावे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून पायी निघावे. 1833 सालच्या टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या मुलांना मोजावयास लावाव्यात. 1718 सालचे सेंट थॉमस चर्च, राजाबाई टॉवर, 1922 साली लोकांना खुले झालेले वस्तुसंग्रहालय, मग पालवाबंदर. रमतगमत गेले तरी ही चाल तास-दीड तासाची. उरलेल्या वेळात हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरावे आणि भाऊच्या धक्क्यावर जावे. तेथे मासळीचा वास येईल. नाकाला रुमाल लावू नये.

मुलांना तेवढे सांगावे की, बाळांनो, ती कमान राजाची आणि हा धक्का आपला. मग खुशाल बोटीत बसावे.