गॉर्ट
गॉर्ट : आयर्लंड प्रजासत्ताकाच्या पश्चिमेकडील गॉलवे परगण्याच्या दक्षिण भागातील छोटे बाजाराचे गाव व लिमरिक–गॉलवे लोहमार्गावरील स्थानक. लोकसंख्या २,९९४ (२०१६). गॉलवे शहराच्या आग्नेयीस सु. ३५ किमी. भोवतालचा प्रदेश चुनखडीचा असून येथील नदी ठिकठिकाणी जमिनीखालून वाहते. हिवाळ्यात सखल कुरणांत तळी भरतात आणि उन्हाळ्यात ती खडकाच्या भेगांतून जिरून जातात.

सातव्या शतकातील कॉनक्टचा राजा ग्वायरे याच्या नावावरून गावाचे आयरिश नाव पडले. नैर्ऋत्येस सु. ५ किमी. वर किलमॅकडुआ येथे जुन्या मठाचे अवशेष आहेत. तेथील सु. ३४ मी. उंचीचा गोल मनोरा एका बाजूस स्पष्ट कललेला आहे.

गॉर्टचा खरा लौकिक आहे तो साहित्यामुळे. गावाच्या उत्तरेस कूल येथे लेडी ऑगस्टा ग्रेगरी (१८५२–१९३२) यांचा वाडा होता. त्याला सर्वांत जवळचे स्थानक गॉर्टच. विल्यम बटलर येट्स, जॉर्ज बर्नार्ड शॉ, शॉन ओकेसी यांच्यासारखे लेखक कूलचे पाहुणे होते. बागेतील ताम्रवर्णी बीच वृक्षाच्या खोडावर त्यांनी कोरलेली आद्याक्षरे आजही दाखवतात. डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहाची (१९०४) उभारणी लेडी ग्रेगरी व येट्स यांच्या पुढाकाराने झाली. वाडा १९४१ मध्ये पाडण्यात आला. एवढ्या मोलाच्या वास्तूची अशी वासलात लागावी, ही आयर्लंडच्या सांस्कृतिक इतिहासातील लाजिरवाणी गोष्ट होय. येट्सने १९१७ मध्ये ३५ पौंडांना घेतलेला थूर बॅलिली हा बुरूज मात्र उभा आहे. २००९ च्या पुरानंतर तो बंद होता. स्थानिक स्वयंसेवकांनी २०१५ मध्ये पुन्हा उघडला. मराठी वाचकांना येट्सचा एक धागा जवळचा वाटेल. विदर्भातील बडनेऱ्यात जन्मलेले श्री पुरोहित स्वामी यांच्यासह त्याने दहा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले (१९३७). तोवर त्याचे बॅलिलीतील वास्तव्य संपले होते.

लोहमार्ग : डब्लिन–गॉलवे मार्गावरील अथेनराय व दक्षिणेकडील एनिस यांना जोडणारी सु. ५८ किमी. लांबीची एकेरी लाइन १५ सप्टेंबर १८६९ रोजी सुरू झाली आणि त्याच दिवशी गॉर्टचे स्थानक उघडले. रुळांमधील अंतर आयर्लंडच्या मुख्य लोहमार्गांवर असते तेच, १,६०० मिमी. पुढे मालकी बदलत गेली : १९०१ पासून ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न, १९२५ पासून ग्रेट सदर्न, १९४५ पासून सी. आय. ई. हे वाहतूक मंडळ. वस्ती विरळ, गाड्या संथ आणि शेजारून जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींची संख्या वाढती, अशा स्थितीत ५ एप्रिल १९७६ रोजी लिमरिक–क्लेअरमॉरिस प्रवासी सेवा थांबवण्यात आली. गॉर्टच्या फलाटावर प्रवासी गाडी थांबेनाशी झाली, ती पुढची ३४ वर्षे.

या काळात रूळ उखडले गेले नाहीत, ही गोष्ट निर्णायक ठरली. मालगाड्या आणि क्वचित एखादी खास गाडी चालू राहिल्याने मार्गाची जमीन, पूल व फाटके रेल्वेच्याच ताब्यात राहिली. याच परगण्यातील गॉलवे–क्लिफडेन मार्ग १९३५ मध्ये बंद होताच उखडला गेला. तेथे आज पुन्हा गाडी नेणे जवळजवळ अशक्य आहे. जेझुइट धर्मगुरू व समाजशास्त्रज्ञ मीहॉल मॅग्रेल यांनी पश्चिम किनाऱ्याच्या या मार्गासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. २००३ पासून ‘वेस्ट ऑन ट्रॅक’ या संघटनेने मागणीला जोर आणला. सरकारने नोव्हेंबर २००५ मधील ‘ट्रान्सपोर्ट २१’ या योजनेत मार्गाच्या पुनरुज्जीवनाचा टप्प्याटप्प्याने समावेश केला. सु. १०.६५ कोटी युरो खर्चून एनिस–अथेनराय टप्पा दुरुस्त झाला आणि मार्च २०१० अखेर गॉर्ट, आर्ड्राहन, क्रॉवेल व सिक्समाइलब्रिज ही स्थानके प्रवाशांसाठी खुली झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दक्षिणेकडून मोटारमार्गही गॉर्टपर्यंत आला. २०१७ मध्ये तो उत्तरेस ट्यूमपर्यंत वाढला. सुरुवातीच्या वर्षांत प्रवासी अपेक्षेपेक्षा कमी आले व खर्च वाया गेल्याची टीका झाली. ती घाईची होती. एकाच वर्षी उघडलेल्या मोटारमार्गाशी जुन्या एकेरी लाइनची वेळेत तुलना करून स्थानकाचे मोल ठरवता येत नाही. स्वतःची मोटार नसलेले विद्यार्थी, वृद्ध आणि गॉलवेच्या रुग्णालयांत जाणारे लोक यांच्यासाठीही ते असते. एनिसच्या दक्षिणेस बॅलिकार येथे रुळांवर पाणी साचून वाहतूक खंडित होते, ही अडचण मात्र खरी आहे. २०१३ मध्ये गॉलवेजवळ ओरानमोर येथेही गाडी थांबू लागली.

उद्योग : गुरांचा बाजार, मांसप्रक्रिया, किरकोळ व्यापार. मांसप्रक्रियेतील कामासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आलेल्या ब्राझिलियन लोकांची येथे मोठी वस्ती आहे.

लोहमार्गाचे अथेनरायच्या उत्तरेकडील ट्यूम व क्लेअरमॉरिसपर्यंतचे पुढचे टप्पे मात्र रखडले. अखिल आयर्लंड रेल्वे आढाव्याने (२०२४) अथेनराय–क्लेअरमॉरिस मार्ग पुन्हा सुरू करण्याची शिफारस केली आहे.