देवडीवरचा माणूस

‘पोर्टर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रेल्वे स्टेशनावरचा लाल डगला, दंडावरचा पितळी बिल्ला आणि डोक्यावरची ट्रंक उभी राहते. पण ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांतला पोर्टर हमाल नव्हे. इंग्रजीत हे दोन शब्द एकाच वळणाचे दिसतात, तरी त्यांची कुळे निराळी आहेत. हमालाचा पोर्टर ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूतून आला. कॉलेजातला पोर्टर ‘पोर्टा’ म्हणजे दरवाजा या शब्दातून. तो द्वारपाल. त्याचे ‘लॉज’ म्हणजेही उतारूंची सोय नव्हे. जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजालगत असे तशी ती देवडी.

विद्येच्या घराला एवढी भक्कम देवडी कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर त्या गावांच्या इतिहासात आहे. गावकरी आणि विद्यार्थी यांचे तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाकडे होते. १३५५ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या एका गुत्त्यात दारूच्या प्रतीवरून बोलाचाली झाली, आणि त्या ठिणगीतून जी दंगल पेटली तिच्यात दोन्हीकडची माणसे मेली. चारी बाजूंनी इमारत, मधे चौक आणि ये-जा करायला एकच मोठा दरवाजा, ही रचना अशा काळात उपयोगी पडली. दरवाजा आला की किल्ली आली, आणि किल्ली सांभाळणारा माणूसही आला.

पुढे बाहेरचे भय ओसरले. मग हीच भिंत आतल्यांना आत ठेवण्याच्या कामी लागली. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात ‘ग्रेट टॉम’ नावाची सहा टनांहून जड घंटा आहे. ती रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी १०१ ठोके देते. मूळचे शंभर विद्यार्थी आणि १६६३ साली एका देणगीतून वाढलेला एक, असा तो हिशेब. वरची पाच मिनिटे कसली? ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेला असल्याने तिथला सूर्य पाच मिनिटे मागे. सगळ्या देशाने ग्रिनिचची वेळ पत्करली, पण या घंटेने आपली जुनी वेळ सोडली नाही. हे ठोके म्हणजे दरवाजे बंद होण्याची खूण होती.

केंब्रिजमध्ये रात्री दहानंतर येणाऱ्याला किरकोळ दंड भरावा लागे. मध्यरात्र उलटली की प्रकरण थेट वरिष्ठांकडे जाई. साहजिकच भिंती चढण्याची विद्या भरभराटीला आली. इतकी, की १९३७ साली केंब्रिजच्या छपरांवर रात्री कसे चढावे याचे एक पुस्तकच टोपणनावाने निघाले!

मला या व्यवस्थेतली एक विसंगती फार बोलकी वाटते. पोर्टर पुष्कळदा लष्करातून किंवा पोलिसांतून निवृत्त झालेला, चार पावसाळे पाहिलेला माणूस. अठरा वर्षांच्या पोराला तो अदबीने ‘सर’ म्हणे, आणि त्याच हाताने त्याचे नाव उशिरा येणाऱ्यांच्या यादीत टिपून घेई. पोरगा वर्गाने वरचा, पण दरवाजाची सत्ता चाकराच्या हाती. दोघांनाही हे ठाऊक असे, आणि दोघेही ते न बोलता पाळीत.

आपल्याकडच्या मुलांनाही या शिस्तीतून जावे लागले. रँग्लर परांजपे १८९९ साली सीनिअर रँग्लर झाले ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून. जयंत नारळीकर १९५७ साली गेले ते फिट्झविल्यम हाउसमध्ये. तिथले बहुतेक विद्यार्थी गावातल्या परवानाधारक घरांत राहत. पण म्हणून सुटका नव्हती. तिथे घरमालकीणबाई देवडीचे काम करीत आणि उशिराची नोंद ठेवीत. स्त्रियांपुढे तर निराळेच दरवाजे होते. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा उतरल्या. पदवी हाती पडली १९२२ साली. तो दरवाजा पोर्टरच्या किल्लीने उघडणारा नव्हता.

पोर्टरची सत्ता गेली ती बंडाने नव्हे, कायद्याच्या एका कलमाने. १९७० च्या आरंभी इंग्लंडात सज्ञान होण्याचे वय एकवीसवरून अठरावर आले. कालचा पाल्य आज स्वतःचा मुखत्यार झाला. त्याला रात्री कोंडून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला उरला नाही. पाठोपाठ १९७२ साली केंब्रिजच्या आणि १९७४ साली ऑक्सफर्डच्या काही पुरुष-कॉलेजांनी मुलींना प्रवेश दिला. ख्राइस्ट चर्चने १९८० साली. ज्या देवडीवर संध्याकाळी पाहुण्या मुली वेळेत बाहेर पडल्या की नाही हे पाहिले जाई, तिथूनच आता मुलींना खोलीची किल्ली मिळू लागली. १९७४ सालीच टॉम शार्प यांची ‘पोर्टरहाउस ब्लू’ ही विनोदी कादंबरी निघाली. तिच्यातला हेडपोर्टर जुन्या रीतींसाठी जिवाचे रान करतो. वाचक त्याला हसले. पण जे जग बुडत होते त्याचीच ती गोष्ट होती.

आज त्याच देवडीत कॅमेऱ्यांचे पडदे आहेत, पार्सलांचे ढीग आहेत. मुले कार्ड लावून केव्हाही येतात, जातात. पोर्टर पुरुषच असतो असेही नाही. प्रवाशांना वाट दाखवणे, आगीची घंटा वाजली की धावणे, प्रथमोपचार करणे ही कामे आहेतच; पण रात्री दोन वाजता एखादे पोर घाबरेघुबरे होऊन खाली आले, तर जागा असलेला पहिला माणूस तोच. पूर्वी मुले त्याला चुकवून आत शिरत; आता अडचणीत त्याला शोधत येतात.

हा बदल मला चांगला वाटतो, पण त्यात एक हातचा सुटू नये. जुना पोर्टर चेहरा ओळखून दार उघडी. कार्डाला चेहरा लागत नाही. काम यंत्राने केले म्हणून तो माणूस काढून टाकला, तर दार उघडेल, पण कोण आले आणि कोण आले नाही हे कोणाच्याच ध्यानी येणार नाही. ज्यांची मुले-मुली आज दूरच्या वसतिगृहांत आहेत आणि दिवाळीपुरती घरी येतात, त्यांना हे वेगळे सांगायला नको. दरवाजावर कुलूप कसले आहे यापेक्षा तिथे रात्री कोण बसते, हेच आईबाप आधी विचारतात.