बरणीतले रान

दसऱ्याला घट उठला, की त्यातले धान्याचे तुरे आपण टोपीत खोवतो, बायका केसांत माळतात. हे तुरे पिवळे का, हे मात्र फारसे कुणी विचारीत नाही. देवघराच्या कोपऱ्यात उजेड बेताचा. तेवढ्यात अंकुराला हिरवे होता येत नाही. म्हणजे घरात बाग करायची तर पहिली अडचण उजेडाची. दुसरी पाण्याची. ही दुसरी अडचण लंडनच्या एका डॉक्टराने सोडविली, तीही भलतेच काही करताना.

नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हा पूर्व लंडनमध्ये डॉक्टरकी करी. नेचे वाढवण्याचा त्याला नाद. पण कारखान्यांच्या धुराने त्याचे सारे नेचे मरत. १८२९ च्या उन्हाळ्यात एका पतंगाचा कोश त्याने ओलसर मातीत पुरून, झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवला. पतंगाची वाट पाहता पाहता त्या मातीतून एक नेचा आणि गवताची पाती वर आली! दिवसा मातीतली ओल वाफ होऊन काचेवर जमे आणि थेंब होऊन पुन्हा मातीत उतरे. ती बाटली पाणी न घालता जवळजवळ चार वर्षे हिरवी राहिली. अखेर झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि रोपे गेली. ज्या पाण्यावाचून ती जगली होती, त्याच पाण्याने मेली!

गेल्या पावसाळ्यात ही हकिकत मी नऊ वर्षांच्या नातीला सांगितली. आमच्या बिऱ्हाडाला अंगण नाही, गच्ची नाही, आहे ती एक खिडकी. लोणच्याची रिकामी काचेची बरणी स्वच्छ धुतली. तळाशी खडे, त्यावर कोळशाचे तुकडे, मग चार बोटे ओलसर माती. मागल्या भिंतीवरचे शेवाळ आणि बोटभर नेचा तिने स्वतः उपटून आणला. झाकण लावून बरणी उजेडात ठेवली, उन्हात नव्हे. उन्हात आतली रोपे शिजून निघतात.

"आजोबा, पाणी कधी घालायचं?"

"घालायचं नाही."

"मग मरतील ना ती!"

तिचा विश्वास बसेना. चौथ्या दिवशी सकाळी काचेच्या आतून थेंब ओघळताना तिने पाहिला, तेव्हा कुठे ती गप्प झाली. काचेवर धुके फारच दाटले तर तासभर झाकण काढावे, एवढीच तिची चाकरी.

वॉर्डने १८३३ साली अशा दोन पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून सिडनीला धाडल्या. तोवर खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनी रोपे वाटेतच मरत. चीनहून निघालेल्या हजार रोपांतले एखादेच इंग्लंडला जिवंत पोचते, असा अंदाज १८१९ साली एकाने मांडला होता. वॉर्डच्या पेट्या हिरव्यागार उतरल्या.

मग साम्राज्याचे डोळे चमकले नाहीत तरच नवल. ईस्ट इंडिया कंपनीने १८४८ साली रॉबर्ट फॉर्च्यूनला चीनमध्ये पाठविले. डोके भादरून, खोटी शेंडी लावून, चिनी वेषात तो चहाच्या मुलखात हिंडला आणि १८५१ पर्यंत हजारो रोपे वॉर्डच्या पेट्यांतून हिमालयाच्या उतारावर आली.

"त्यांना विचारून आणली का?" नातीने विचारले.

"नाही."

"मग ती चोरीच झाली."

इतिहासकार याला मोठमोठी नावे देतात. मला तिचाच शब्द पटतो.

सिंकोनाचेही तेच. ज्याच्या सालीतून हिवतापावरचे क्विनाइन निघते, ते हे झाड १८६० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून याच पेट्यांत बसून निघाले. क्लेमेंट्स मार्कहॅमने स्वतः गोळा केलेली रोपे निलगिरीला पोचूनही जगली नाहीत. रिचर्ड स्प्रूसची तगली. महाबळेश्वरी लिंगमळ्यातही सरकारने सिंकोना लावून पाहिला, पण तो काही रुजला नाही. आज तिथे लोक धबधबा पाहायला जातात.